कधीपासून?

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक विनोद बरेच दिवस चालला होता. कुणी मोठ्याने ढेकर दिला की दुसरा म्हणायचा, "गाडी काढू का? बेळगावला जाऊ या!" विनोद माझ्यावरचा होता. मुख्याध्यापकाने आपल्यावरचा विनोद हसून घ्यावा, या शिष्टाचाराने मीही हसत असे. त्या हसण्याची किंमत पुढे दुसऱ्याच माणसाने मोजली. मनात सलणारी ही गोष्ट एकदा कागदावर मांडावी, म्हणून हा लेख.

२०२२ सालच्या जूनची सुरुवात होती. रात्री दीडच्या सुमारास छातीत दाबल्यासारखे होऊन मी जागा झालो. अंग घामाने भिजले होते. सौभाग्यवतींनी ओवा आणि गरम पाणी दिले, पण आराम पडेना. मुलाने गाडी काढली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेळगावला पोचायला पाऊण तास लागतो. तो सारा वेळ मी मोठमोठ्याने कण्हत होतो.

तातडीच्या रुग्णांसाठी असलेल्या त्या दालनाला आमच्याकडे मराठी असो की कानडी, सगळे 'कॅज्युअल्टी'च म्हणतात. तिथे पोचताच माझा ईसीजी काढला, रक्त घेतले आणि माझी खाट भिंतीकडे सरकवून डॉक्टर धावले ते एका सात-आठ वर्षांच्या मुलाकडे. ते पोर आईच्या मांडीवर अगदी गप्प पडले होते. संध्याकाळी विंचू चावला होता. "मघापर्यंत रडत होतं, आता थांबलंय," असे ती बाई पुन्हापुन्हा सांगत होती. मला राग आला. मी कण्हतोय आणि हे लोक गप्प पडलेल्या पोराभोवती जमलेत! पहाटे दुसऱ्यांदा रक्त तपासले आणि डॉक्टरांनी सांगितले, "सर, हृदय ठीक आहे. हे पित्त आहे." बिल चुकते करून आम्ही परतलो. सोमवारी स्टाफरूममध्ये तो विनोद जन्माला आला.

त्या मुलाविषयी मला नंतर उमगले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्यभर काम केले आणि त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. लाल विंचवाचे विष हृदयावर घाला घालते. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय या त्याच्या खुणा. दंशाच्या जागी ठणका नाही म्हणून पोर बरे आहे, असा अर्थ कुणी काढू नये. मण्यार सापाचेही तेच. रात्री झोपेत चावते, कित्येकदा दुखतही नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन पापण्या मिटू लागतात. वेदना आणि धोका यांना आपण एकच समजतो. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ओरडत होतो आणि सुरक्षित होतो. ते पोर गप्प होते आणि धोक्यात होते.

नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य लारे याने रणांगणावर एक दंडक घातला होता. जखमींना हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेच्या गांभीर्याप्रमाणे उपचार मिळायचे. आज जगभरच्या कॅज्युअल्टीत रुग्णांची जी वर्गवारी होते तिचे मूळ तिथे सांगतात. रेशनच्या रांगेत आधी आला तो आधी, हा न्याय. कॅज्युअल्टीत ज्याला उशीर परवडत नाही तो आधी, हा न्याय. त्या रात्री मी वयाचा आणि पदाचा मान मागत होतो. तो मिळाला नाही, हे योग्यच झाले.

आता दुसरी हकीकत. आमच्या शाळेत एक शिपाई होते. मुले, शिक्षक, गावकरी सगळे त्यांना 'मामा' म्हणत. घरी कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्हींची सरमिसळ. आमच्या भागातल्या हजारो माणसांसारखेच. २०२३ सालच्या जानेवारीत, एका सकाळी नऊ वाजता त्यांनी वर्ग उघडले आणि मला नमस्कार केला. दहाला प्रार्थनेची घंटा झाली, पण नेहमीच्या ठेक्यात नाही. खिडकीतून पाहिले तर मामा डाव्या हाताने घंटा वाजवत होते. साडेदहाला चहा आणला तो निम्मा बशीत सांडलेला. मी विचारले, "काय मामा, बरं नाही का?" ते काहीतरी बोलले. मला वाटले, कानडीत बोलताहेत. जवळच आमच्या कानडी विषयाच्या बाई होत्या. त्यांना वाटले, मामा मराठीत बोलताहेत.

दोन भाषा जाणणाऱ्या माणसाची जीभ अडखळत होती, आणि आम्ही दोघे सुशिक्षित माणसे ती समोरच्याची भाषा समजून स्वस्थ बसलो.

माझ्या मनात शंका आलीच नाही असे म्हटले, तर ते खोटे होईल. आली होती. क्षणभर वाटले, याला बेळगावला न्यावे. पण पाठोपाठ तो विनोद आठवला. पुन्हा गाडी काढायची, पुन्हा पित्तच निघायचे आणि पुन्हा सगळे हसायचे! दुसऱ्या दिवशी शाळा तपासणी होती, तीही डोक्यात होती. मी म्हणालो, "प्रयोगशाळेत जरा पडा. बरं वाटेल." मामा आज्ञाधारक. जाऊन पडले.

दीडच्या सुट्टीत बाई धावत आल्या. मामांचे तोंड वाकडे झाले होते. १०८ ला फोन करायचेही मला सुचले नाही. ती सेवा कर्नाटकात २००८ पासून आहे, तिचा क्रमांक आमच्या शाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. एका शिक्षकाच्या गाडीतून आधी जवळच्या दवाखान्यात नेले, तिथून बेळगाव. पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "यावागिंद?" म्हणजे, कधीपासून?

त्या एका शब्दाला मी उत्तर देऊ शकलो नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. मी त्यांना धडधाकट पाहिले होते ते नऊ वाजता. वेळ टळून गेली होती.

मामा वाचले. बोलणे बरेचसे परतले. उजवा हात परतला नाही.

एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकताना एक प्रश्न आम्ही मोठ्या चवीने चर्चिला होता. कृत्याची योग्यता परिणामावरून ठरवावी, की करतेवेळच्या जाणिवेवरून? तेव्हा तो परीक्षेतला प्रश्न होता. आता रात्री अडीचला जाग आली की तो उशाशी असतो.

परिणामावरून पाहिले तर माझी जूनची फेरी चूक ठरते, कारण निघाले पित्त. पण रात्री दीड वाजता पन्नाशी उलटलेल्या माणसाने, छातीत दाब आणि अंगाला घाम असताना, पित्त की हृदय हे घरबसल्या कसे ठरवावे? ते ठरवायला तर ईसीजी लागतो! अमेरिकेत १९९७ च्या एका कायद्याने सरकारी आरोग्य विम्यासाठी हीच कसोटी घातली. शेवटी निदान काय निघाले हे पाहायचे नाही, त्या लक्षणांवरून सामान्य सुज्ञ माणसाला संकट वाटले असते का, एवढेच पाहायचे. या कसोटीवर माझी ती फेरी योग्य होती. हसणाऱ्यांचे चुकले, आणि त्यांच्यासोबत हसणाऱ्या माझेही.

मात्र ही कसोटी घेतली की दुसऱ्या बाजूलाही ती लावावी लागते. वेळेत नेले असते तर मामांचा हात वाचलाच असता, असे डॉक्टरही म्हणत नाहीत. ते इंजेक्शन सर्वांना देता येत नाही, दिले तरी सर्वांना गुण येतो असे नाही. कुणी मला या आधारावर धीर देतात. मला तो घेता येत नाही. समजा, मामा संध्याकाळी आपोआप बरे झाले असते, तरीही माझा अपराध तेवढाच राहिला असता. कारण साडेदहा वाजता मी तराजूच्या एका पारड्यात त्यांचा धोका ठेवला आणि दुसऱ्यात माझी फजिती. आणि फजितीचे पारडे मी जड ठरवले.

ॲरिस्टॉटलने धैर्याला भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधले स्थान दिले. योग्य गोष्टीला योग्य वेळी भ्यावे, हेही धैर्यातच बसते. मी हसण्याला भ्यालो, वाकड्या होणाऱ्या तोंडाला भ्यालो नाही.

मग ऊठसूट कॅज्युअल्टी गाठावी काय? नाही. जुनी कंबरदुखी, रजेसाठी हवा असलेला दाखला, दिवसा ओपीडीत रांग असते म्हणून रात्री काढलेली 'ओळख' यांसाठी तिथे जाणे म्हणजे कुणा विंचू चावलेल्या पोराच्या वाटची मिनिटे खाणे. पण तोंड वाकडे होणे, एका बाजूचे बळ जाणे, जीभ अडखळणे, छातीत दाब, धाप, शुद्ध हरपणे, न थांबणारे रक्त, साप-विंचू, तान्ह्या मुलाचे निपचित पडणे, इथे घरात बसून चर्चा करू नये. जाण्याचा निर्णय आपला, आत गेल्यावरचा क्रम डॉक्टरांचा. हे मनापासून मान्य केले की शंकेने जाणाऱ्याकडून कुणावर अन्याय होत नाही. फार तर त्याला भिंतीकडेला थांबावे लागेल. थांबावे.

पैशाचा प्रश्न आहे, आणि तो मास्तरने सहज उडवून लावण्याजोगा नाही. माझे त्या रात्रीचे बिल एखाद्या मजुराचा महिन्याचा किराणा झाला असता. तातडीचा रुग्ण आला तर सरकारी असो की खासगी, डॉक्टरने आधी उपचार करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. हे आपल्या गरिबातल्या गरीब शेजाऱ्याला सांगणे, हेही शिकलेल्यांचे काम आहे.

आणखी एक. माझ्या छातीत दुखले तेव्हा दहा मिनिटांत गाडी निघाली. मामा मात्र माझ्या परवानगीची वाट पाहत पडून राहिले. आपल्या घरातही असेच असते. घरधन्याचे दुखणे लगेच दवाखान्यात जाते, आईचे दुखणे 'सकाळी बघू' म्हणत उंबऱ्याशी थांबते. ज्याला मागण्याचा संकोच वाटतो, त्याच्या वतीने आपण घाई करावी. मला सापडलेले उत्तर एवढेच.

मामा दर पंधरा ऑगस्टला शाळेत येतात. झेंड्याला डाव्या हाताने नमस्कार करतात. मग माझ्याजवळ येऊन, सगळ्यांदेखत म्हणतात, "सरांनी नेलं म्हणून वाचलो." मी दरवर्षी मान खाली घालतो आणि लोक त्याला विनय समजतात.

त्यांचा मुलगा हा अंक दरसाल घेतो. अंक त्याच्या हाती पडण्याआधी मला फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी जायचे आहे. साडेदहापासून दीडपर्यंत काय झाले, ते आधी माझ्या तोंडून त्यांना कळायला हवे. त्यांना समजेल अशा दोन्ही भाषांत.