शेअर आणि उचल

नवउद्योगांची चर्चा निघाली की मुंबई, पुणे, बंगळुरू ही नावं आपोआप ओठांवर येतात. मागे राहिलेल्या मुलखाबद्दल मात्र 'तिथल्या लोकांत धाडसच नाही' असं सहज बोललं जातं. मला ते कधीच पटलं नाही, आणि त्याचं कारण आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे.

1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरा नदीच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण पाणी आलं म्हणून शेतकरी कारखानदार झाला नाही. आधी हरिगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना सुरू व्हायला 1950 उजाडलं. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, सरकारने भागभांडवल घातलं, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. धाडस शेतकऱ्यांचंच होतं, पण बुडालं असतं तर भार वाटून घ्यायला एवढे खांदे होते.

त्याच जिल्ह्यातला पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. दिवाळीच्या आसपास इथल्या वाड्या-वस्त्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्यांना आगाऊ उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. लेकरं, बैल, भांडीकुंडी घेऊन अनोळखी गावात पाचटाच्या कोपीत हंगाम काढायचा, याला धाडस नाही तर काय म्हणायचं? धंदा दोन्हीकडे साखरेचाच. लोणीच्या शेतकऱ्याचा पैसा शेअर होऊन कारखान्यात गेला आणि तो मालक झाला. पाथर्डीच्या घरात साखरेचा पैसा येतो तो उचल होऊन, आणि फिटला नाही तर पुढच्या सालावर जातो.

केंद्राचं 'स्टार्टअप इंडिया' 2016 मध्ये आलं, राज्याचं नवउद्योग धोरण 2018 मध्ये. पण फसण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. पुण्यातल्या सुस्थितीतल्या घरातल्या पोराचा पहिला प्रयत्न फसला तर त्याची दोन वर्षं जातात. तोडणीला जाणाऱ्या घरातल्या पोराचा फसला तर आईबापांवर आणखी एक उचल चढते. लोणीच्या त्या कारखान्यात सरकार शेतकऱ्यांना नुसत्या कर्जावर सोडून थांबलं नव्हतं, भागीदार होऊन तोट्याच्या शक्यतेतही उतरलं होतं. पाथर्डी-जामखेडसारख्या तालुक्यांत डाळमिल किंवा दूध प्रक्रियेचा छोटा उद्योग काढू पाहणाऱ्यालाही तशीच भागीदारी मिळाली पाहिजे.