आकडे आणि अन्वय

सामन्याची आकडेवारी संघाची कामगिरी नोंदवते. पण तिचा उलगडा करते काय? मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टन यांनी नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. जून २०२२ मध्ये बंगळूरच्या अंतिम सामन्यात उलटे घडले. त्या हंगामात सर्वाधिक, ९८२ धावा मुंबईच्या सरफराज खान यांच्या. करंडक मात्र मध्य प्रदेशाचा.

कोणी म्हणेल, व्यक्तीच्या नव्हे, संघाच्या धावा मोजा. परंतु ती बेरीज म्हणजे निकालच; निकालाचे कारण नव्हे.

आकडे आम्ही त्याज्य मानीत नाही. ते नसते तर केवळ मोठ्या नावांचाच जयघोष झाला असता. मात्र समोरच्या टोकाला धीराने उभे राहून सहकाऱ्यास सावरणाऱ्यासाठी धावपुस्तकात रकाना नसतो. रकाना नाही म्हणून श्रेय नाही, हा अन्याय होय. आणि तो घरांत व संस्थांतही नित्य घडतो.

आपल्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्या वरून मोजता येतात. त्यांना जोडणारा प्रवाह भूमीखालून वाहतो. कुंड्या अवश्य मोजाव्यात. परंतु शहराची तहान त्या प्रवाहाने भागवली, हे विसरू नये.