झिजलेली बाजू

दुपारची कामं उरकली असतील तर आज पायातलंच घेऊन बसू. दारातला चपलांचा जोड आत आणा. ज्यांना टाचदुखीसाठी, सपाट पावलासाठी किंवा साखरेच्या आजारामुळे माप घेऊन खास गादी करून दिली आहे, त्यांनी ती बुटातून काढून हातात घ्यावी. घरातलं कुणी तरी म्हणेलच, पायताण घेऊन काय बसलाय. म्हणू दे.

आधी नुसतं बघा. जोड उलटा करून दोन्ही तळ शेजारी शेजारी ठेवा. टाच बाहेरच्या कडेला जरा जास्त झिजलेली असेल, तर ते बहुतेकांचं तसंच असतं. आतली कड झिजली असेल तर पाऊल आत कलतंय. एक चप्पल दुसरीपेक्षा जास्त गेली असेल, तर एका पायावर भार जास्त पडतोय. कुठल्या ते आता तुम्हाला दिसतंय. लगेच ‘मोच्याकडे टाकायला पाहिजे’ असं मनात येईल. ते राहू दे बाजूला. आज दुरुस्ती नाही, नुसतं बघायचं.

आता गादीवर हात ठेवा. अंगठ्यानं टाचेच्या जागी दाबा. मग पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी दाबा. मग मधल्या कमानीखाली. तीन जागी तीन प्रकारचं लागेल. कमानीपाशी ती अजून नव्यासारखी उभारी धरून असते. टाचेखाली मात्र बोट रुतत नाही, पुठ्ठ्यावर टेकवल्यासारखं वाटतं. वरचं कापड धड आहे, रंग उडालेला नाही, शिवण कुठे उसवलेली नाही, म्हणून ही गादी चांगली आहे असं आपण धरून चालतो. तिचं काम मात्र टाचेखाली केव्हाच संपलेलं असू शकतं.

असं का होतं ते जरा सावकाश समजून घेऊ. या गाद्यांचा मऊ भाग बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. त्यात हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असतात. पाऊल पडलं की ते दबतात, उचललं की परत फुगतात. दिवसाला ५,००० पावलं धरली, तर एका पायाच्या वाट्याला २,५०० येतात; म्हणजे वर्षाला नऊ लाखांच्या वर. इतक्या वेळा दबलेल्या कप्प्याची भिंत कधी तरी चुरगळते आणि मग तो फुगत नाही. रोज घातलेल्या गादीचा मऊ थर सहा महिन्यांपासून वर्षभरात असा बसायला लागतो. वजन जास्त, चालणं जास्त, तर आणखी लवकर. खालचा कडक साचा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर तो काही वर्षं टिकतो, त्यामुळे वरचा थर तेवढा नवा चढवून घेता येतो. गादी गाडीच्या डिकीत उन्हानं तापली, चुलीपाशी वाळत घातली, की डिंक सुटतो आणि आकारही बदलतो. ओली झालेली गादी सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. दोन जोड असतील तर आलटून पालटून घालायचे. दबलेल्या फोमला मधे एक दिवस विसावा मिळाला तर तो थोडा तरी सावरतो.

हे झालं गादीचं. आता डोळे मिटा आणि दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा. फरशी गार लागेल. भार कुठे आहे ते शोधा: टाचेवर, चवड्यावर, की बाहेरच्या कडेवर? एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे. त्यांना बांधून ठेवणारे बंध वयानं सैल होतात. पाऊल थोडं लांबतं, थोडं पसरतं, कमान खाली येते. सकाळचं पाऊल आणि संध्याकाळचं सुजलेलं पाऊल यांतसुद्धा फरक असतो. गादीचं माप घेतात ते फोमच्या खोक्यात पाय रुतवून, नाही तर प्लास्टरनं, हल्ली यंत्रावर पाय ठेवूनही. कसंही घेतलं तरी ते त्या एका दिवसाच्या पावलाचं माप. साचा तिथंच थांबतो आणि पाऊल पुढे जात राहतं. म्हणून गादीचा फोम अगदी शाबूत असला तरी तीन वर्षांनी ती तुमच्या पायाची असेलच असं नाही.

इथं आपल्या भागातल्या दुसऱ्या एका पायताणाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या कातडी चपला होतात. जगात त्या कोल्हापुरी म्हणून ओळखल्या जातात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात जे १९५६ पासून जमलं नाही ते चपलेनं जमवलं, असं म्हणायचा मोह होतो.

ही चप्पल हातात घेऊन बघा. तळ म्हशीच्या कातड्याचा. कातडं हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कमावलेलं, म्हणून तो मातकट वास. खिळा नाही, थरावर थर ठेवून चामड्याच्याच वादीनं शिवलेले. वरच्या पट्ट्याची वेणी बहुतेक बायकांच्या हातची, कापणं आणि बांधणं पुरुषांकडे. नवी असताना ती चावते. पहिल्या दिवशी अंगठ्याजवळ सालटं निघतं. जुनी माणसं सांगतात, आधी घरात तास-दोन तास घाला, तेलाचा हात द्या, मग बाजारात जा. पायाचा घाम, ऊब, वजन यांनी तळ हळूहळू दबतो, पाच बोटांच्या पाच खळ्या पडतात, टाचेला वाटीसारखा खोलगट होतो. दोन-तीन महिन्यांनी ती दुसऱ्या कुणाच्या पायाला नीट येत नाही.

इथं जरा थांबा. गादी पहिल्या दिवशी पायाला तंतोतंत बसते आणि मग रोज थोडी थोडी परकी होत जाते. चामड्याची चप्पल पहिल्या दिवशी परकी असते आणि घालता घालता आपली होते. झिजणं दोन्हीकडे आहे. एकीकडे झिजण्यानं माप बिघडतं, दुसरीकडे झिजण्यानंच माप तयार होतं. आपल्याजवळच्या कुठल्या गोष्टी पहिल्या जातीच्या आणि कुठल्या दुसऱ्या, याची यादी मनात आपोआप सुरू होईल. होऊ दे, पण लांबवू नका. हात पायताणावरच राहू दे.

चामड्याचं कौतुकही बेतानं करावं. पावसाचं पाणी प्यायलं की ते फुगतं, थर सुटतात, बुरशी धरते. अथणी कोरड्या मुलखातली, तिथं ती चप्पल शोभते. बेळगाव-खानापूरच्या पावसात ती मृगापासून नवरात्रापर्यंत माळ्यावरच बरी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या कार्यक्रमात अशाच घडणीच्या चपला घालून मुलं चालली, त्यावर इकडे मोठा गहजब झाला. रास्तच होता. पण ती पावलं छपराखाली, कोरड्या जमिनीवर थोडाच वेळ पडली. उसाच्या रानातल्या चिखलात त्या जोडाचं काय झालं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट कौतुकाच्या भरात विसरू नये. चप्पल चावते हे कळायला पायात जाणीव लागते. ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांचे हातपाय वर्षानुवर्षं तपासत राहिले. बोटं रोगानं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं ते वेगळं: दुखणं कळत नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो, आणि जखम त्यातून होते. लंगडणं ही आपली सोय आहे. दुखऱ्या पायाला आपण नकळत वाचवतो. बधिर पायाला कुणी वाचवत नाही. पुढे आपल्या देशात अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आल्या. मधुमेहानं पाय बधिर झालेल्या रुग्णांना डॉक्टर ‘एमसीआर घाला’ म्हणतात, ते हेच रबर. म्हणजे पाऊल बधिर असेल तर कडक तळाची, अंगठ्यात अडकवायची चप्पल नको, ती कितीही आपल्या मातीतली असली तरी. इथं मला भावनेपेक्षा रबर जास्त जवळचं वाटतं.

अशा माणसाला गादी बसल्याचं पाय सांगत नाही. सांगणार डोळे आणि हात. म्हणून मघाशी अंगठ्यानं दाबायला सांगितलं. रोज रात्री तळपाय बघा, दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा किंवा घरातल्या कुणाला दाखवा. बुटात हात घालून खडा, टोक, दुमडलेली कड चाचपा. एका जागी लाली किंवा घट्टा दिसला तर गादीत त्याच जागी बघा. बहुतेक वेळा दोघांची गाठ पडते.

जोड्यांचं बोलतोच आहोत, तर आपल्याकडच्या शरणांच्या, म्हणजे बसवण्णांना मानणाऱ्या संतांच्या, कथांत समगार (चर्मकार) हरळय्याची कथा आहे. बसवण्णांनी आपल्याला वाकून शरण म्हटलं, त्याची फेड म्हणून हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत. चर्मकाराच्या हातचं काम कुठवर जाऊ शकतं, ते सांगणारी याहून मोठी कथा मला माहीत नाही. पण तुमच्या-माझ्या पायातलं पायताण घालण्यासाठी केलेलं आहे, आणि घातलेलं झिजणारच. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आणि ‘एवढे पैसे घातलेत’ म्हणून मेलेल्या गादीवर चालत राहायचंही कारण नाही.

आता जोड परत दारात ठेवा. गादीच्या खालच्या बाजूला, कुठे लिहिलेली नसेल तर, करून घेतल्याचा महिना आणि साल पेनानं लिहून ठेवा. सहा-सहा महिन्यांनी अंगठा दाबून बघा. आणि नवी करून घ्यायला जाल तेव्हा जुनी फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या. माप घेणाऱ्याला तुमच्या पायाइतकीच तीही बघायची असते.