सोडलेला मासा आणि हिंसा

मासा गळाला लावून जिवंत सोडला, तर हिंसा घडली काय, अशी शंका वासनिक घेतात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेतील महसीर श्रद्धेने राखलेले आहेत. तेथे हा प्रश्नच नाही. अन्यत्र बिनकाट्याचा गळ वापरून, मासा पाण्यातच ठेवून सोडल्यास बहुधा जगतो, हे मान्य करावे. परंतु मोठा मासा दीर्घकाळ झुंजून शिणतो. वर उचलताच त्याचे कल्ले मिटून श्वास कोंडतो. वैशाखऱ्याकडे उन्हाळ्यात ओढे आटून डोह उरतात. तापल्या पाण्यात प्राणवायू आधीच थोडा. लीळाचरित्रातील ससा पारध्यांनी केवळ दमविला असता, तर त्याला श्रीचक्रधरांचा आश्रय नको होता काय? मारणाऱ्याहून सोडणाऱ्याचा दोष उणा खरा. वैशाखातल्या डोहात शौकाने गळ टाकणाऱ्यास मात्र तेवढीही सवलत देववत नाही.