लॉ कॉलेजला जाण्याआधी

पावसाळ्यात ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांसाठी बंद होतो, मोहर्लीच्या गेटवरच्या सफारीच्या जिप्सी विसावतात. याच दिवसांत घरातल्या एखाद्या लेकीला लॉ कॉलेजची धास्ती लागलेली असते. इंग्रजी जमेल का? कलमं लक्षात राहतील का?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने कायदा वाचला तो कॉलेजविना. लोक अभ्यासगटात बसत, जाणकारांना प्रश्न विचारत. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. १९२७च्या वन कायद्यात बांबू झाड होतं, २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज. एका व्याख्येवर अख्ख्या गावाची कमाई अडली होती!

तेव्हा पोरी, जाडजूड पुस्तकं आताच नकोत. वनहक्क कायद्याची मराठी प्रत मिळव आणि दुसरं कलम वाच; व्याख्या तिथेच आहेत. मग ग्रामसभेला जाऊन बस. कोण काय मागतं, कोण कशावर अडतं, वहीत टिपून ठेव. वाचलेलं आजीला समजावून बघ. तिचे प्रश्न प्राध्यापकांपेक्षा अवघड निघतील, आणि ती मार्क कापणार नाही.