चोखोबा ठेवायचे की सोडायचे?

“वर्गात चोखामेळा शिकवताना माझी जीभ अडते, काका,” पुतणी म्हणाली. ती हायस्कूलला मराठी शिकवते. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी 1956 साली दीक्षा घेतली. त्याआधी ते आषाढीला पायी पंढरपूरला जात, चोखोबांचे अभंग म्हणत. दीक्षेनंतर विठोबा घरातून गेला. चोखोबांचं काय करायचं, ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

“अडतं कुठे?”

“मागच्या जन्मी काही चुकलं म्हणून हा जन्म वाट्याला आला, असं ते म्हणतात. समोर बसलेली काही पोरं आपल्याच वस्तीतली. त्यांना हे भक्तीचं उदाहरण म्हणून सांगू?”

“नकोच सांगू. पण सोवळ्या-ओवळ्याचा जाबही त्यांनीच विचारलाय. पंचमहाभूतं सगळ्यांच्या देहात तीच, मग विटाळ कुणाचा आणि कुणाला, हा सवाल त्यांचाच.”

“विचारला तो देवाला. गावाला नाही. बाबासाहेबांचा आक्षेप हाच होता. गांधीजींना उत्तर देताना त्यांनी लिहिलंय, संतांनी देवापुढे माणसं सारखी मानली. माणसामाणसांतल्या जातीशी ते झगडले नाहीत.”

“आणि त्याच बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं.”

“हे कसं जुळवायचं?”

“मी जुळवत बसत नाही. चोखोबांचा मार्ग त्यांनी घेतला नाही, पण आपल्या माणसांच्या यादीतून त्यांचं नाव खोडलंही नाही. मला तेच बरोबर वाटतं. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचा महार गावाला जाब कसा विचारणार होता, सांग बरं? मेलेली ढोरं ओढायची, वेठीला जायचं. 1338 साली गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी पाहिलीस ना? महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या पुढ्यात. म्हणजे बाहेरच. वारकरी त्या पायरीवर पाय देत नाहीत. वाकून हात लावतात आणि ओलांडून आत जातात. चोखोबांच्या लोकांना ती ओलांडता यावी म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे नऊ वर्षं मोज.”

“मोजते, वर्गात सांगतेही. पण पोरांना शेवटी सोसणारा माणूसच दिसतो. सोसणं थोर वाटायला लागतं. मला त्याचीच भीती आहे.”

ही भीती खरी आहे. चोखोबांचं कौतुक करणाऱ्या कितीतरी लेखण्यांनी त्यांची नम्रताच उचलून धरली, कारण ती कुणालाच टोचत नाही.

“मग त्यांच्या घरात शिर,” मी म्हणालो. “त्यांची बायको सोयराबाई विचारते, विटाळातूनच देह घडतो, तर विटाळावाचून जन्मलेला दाखवा कोण तो. आणि कर्ममेळा, पोटचा मुलगा! तो तर देवालाच धारेवर धरतो: आम्हाला या जातीत घातलंस, जन्मभर उष्टं खायला लावलंस, तुला लाज कशी वाटली नाही? बापाने पूर्वजन्माचं कारण सांगितलं, मुलाने ते घेतलं नाही. ज्या घरात मुलगा एवढं बोलू शकतो, तिथे मुकाट सोसायचे धडे दिले जात नसणार.”

“हा तुमचा तर्क झाला.”

“तर्कच आहे. पण अभंग तर समोर आहेत.”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “तिघांचे अभंग एकत्र शिकवीन. पण चोखोबांना समाजसुधारक म्हणणार नाही. त्यांनी सुधारणा केली नाही. त्यांच्यावर काय गुदरलं ते सांगितलं.”

“साक्षीदार म्हण. गाडगेबाबांनी पंढरपुरात त्यांच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांनी शिकावं म्हणून. त्या साक्षीचं पुढे काय करायचं, ते या दोघांना कळलं होतं.”

पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: चोखोबा एकटे छापू नका. त्यांच्या अभंगाशेजारी सोयराबाईचा छापा, आणि कर्ममेळ्याचा तर नक्कीच छापा.