काळी वायर कुठे टेकलीय?

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरी जोडायचं वेड अजूनही काही जणांना आहे. भिवंडीतून सकाळीच निघायचं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळायचे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पूर्वी रेडिओसाठी बनवलेला एखादा व्हॉल्व्ह कुठे मिळाला, तर तो रुमालात गुंडाळून आणायचा. रात्री जागून जोडणी पूर्ण होते आणि मीटर लावला की एक आकडा काही जुळत नाही. व्हॉल्व्हच्या तक्त्यात हीटरला ६.३ व्होल्ट लिहिलेत, मीटर दाखवतो ३.१५. बरोब्बर निम्मे! मग संशयाला पाय फुटतात. ट्रान्सफॉर्मरच खराब असेल, दुकानदाराने गंडवलं असेल, डाख कच्चा राहिला असेल. सगळं उकलून पुन्हा जोडायची तयारी सुरू होते. बिघाड मात्र कुठेच नसतो. ट्रान्सफॉर्मरमधल्या हीटरच्या वायंडिंगचा मधला टॅप चासीला, म्हणजे खोक्याच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला असतो, आणि गड्याने मीटरची काळी वायर चासीवर ठेवून मोजलेलं असतं. तिथून प्रत्येक टोक निम्म्यावरच दिसणार. ईएल ८४ व्हॉल्व्ह असेल, तर मीटरची एक वायर ४ नंबरच्या पिनेवर आणि दुसरी ५ नंबरच्या पिनेवर ठेवायची. ६.३ हजर.

व्होल्टेज एकट्या जागेचं नसतंच. ते नेहमी दोन जागांमधलं असतं. म्हणून जुने रेडिओ दुरुस्त केलेले लोक आधी काळ्या वायरीची सोय लावतात. प्लग काढायचा. कंडेन्सरमध्ये भरून राहिलेली वीज रेझिस्टन्समधून उतरू द्यायची आणि ती खरोखर उतरली का, हे मीटरने पाहायचं. या खोक्यात तीनशेच्या घरात व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला म्हणून ते लगेच जात नाहीत. मग काळ्या वायरीचा चिमटा चासीला घट्ट लावायचा, वीज सुरू करायची आणि डावा हात सरळ खिशात घालायचा. शॉक एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ नये, म्हणून ही सवय. ज्याला ही सवय नाही, त्याने हे खोकं उघडूच नये, असं माझं तरी मत आहे. काळी वायर जागेवर पक्की असली की उजव्या हाताने लाल वायर एकेका ठिकाणी शांतपणे फिरवता येते. घाई करायचं कारण उरत नाही.

आणि सुरुवात खोक्याच्या आतून नाही, भिंतीवरच्या सॉकेटपासून करायची. तक्ता २३० व्होल्ट धरून लिहिलेला असतो. प्रत्यक्षात घरी येणारी वीज त्याच्या वरखाली सहा टक्के असू शकते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. सगळे माग धडधडत असतात तेव्हा लाइनवर ओढ असते. शुक्रवारी सुट्टीला माग थांबले की ती हलकी होते आणि व्होल्टेज चढू शकतं. सॉकेटलाच २४४ असतील, तर व्हॉल्व्हच्या प्लेटवर २५० ऐवजी २६५ दिसणं हा दोष नव्हे. हिशेबच तसा येतो. सॉकेट ठीक असूनही प्लेटवर ३२० दिसले, तर त्याच व्हॉल्व्हच्या कॅथोडकडे वळायचं. तिथे साधारण ७ व्होल्ट हवेत. शून्य दिसलं, तर व्हॉल्व्ह वीज ओढतच नाहीये. ओढणारंच कोणी नाही म्हणून प्लेटचा आकडा फुगलाय, बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा त्यात काही अपराध नाही. हाताशी वही ठेवावी आणि आकड्याशेजारी 'कुठून मोजलं' हेही लिहावं. पुढे कधी खरखर सुरू झाली, की नुसत्या आकड्यांची वही काही कामाची नसते.

दिवसभर आपणही मापंच काढत असतो. कोण उशिरा आलं, कुणी काम कमी केलं, आपला आजचा दिवस कसा गेला. लाल वायर कुठे ठेवली ते सगळ्यांना ठाऊक असतं. काळी कुठे टेकलीय, हे बघायचं राहून जातं. लोणच्याची फोड चघळून भाजी तोंडात घातली, तर ती अळणीच लागणार. त्यावरून स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावण्यात काय अर्थ आहे? आपण स्वतःला मोजतो तेव्हा तर काळी वायर रोज नव्या जागी असते. आज भावाच्या पगारावर, उद्या आपल्याच पंचविशीतल्या अंगकाठीवर, परवा शेजाऱ्यांच्या नव्या फ्लॅटवर. मग आकडा रोज उड्या मारतो आणि आपण सगळं उकलून पुन्हा जोडायला बसतो. मुलाला ७२ टक्के मिळाले. शेजारच्या मुलीच्या ९१ पासून मोजले तर कमी, त्याच्याच मागच्या ६० पासून मोजले तर चांगले बारा टक्क्यांनी वर. दोन्ही मापं खरी आहेत आणि पहिलं लपवून ठेवायची काही गरज नाही. पण ते पोर दारात उभं राहून आपला चेहरा वाचत असतं, तेव्हा आपण कुठून मोजायला सुरुवात करतो, हे त्याला बरोबर कळतं. आज संध्याकाळी घरात कुणी प्रगतिपुस्तक पुढे केलं, तर चष्मा शोधता शोधता कपाटातून मागच्या सहामाहीचंही काढून ठेवा.